पाण्यावरचं आवतण

आमच्या घराण्यातल्या सगळ्यांनी समुद्र पाहिला तो रत्नागिरीच्या सहलीत, गुडघ्यापर्यंत. त्यापुढे जायची कुणाला गरज पडली नाही. आमची सांगलीत हळदीची पेढी. हळदीला पाणी लागलं की माल गेला, एवढंच आमच्या घराचं पाण्याविषयीचं शास्त्र. त्यात सांगलीकराच्या मनात बोट म्हणजे पुरातली बोट. गच्चीवरून लेकरं, म्हातारी माणसं आणि गॅसची टाकी उतरवून घेणारी. हौसेनंही बोटीत बसतात हे आमच्या गल्लीला ठाऊकच नव्हतं. त्यामुळे पेढी मुलाच्या हाती देऊन मोकळे झालेले माझे यजमान ट्रेलरवर बोट लादून दारात आले, तेव्हा समोरच्या आजोबांनी चष्मा पुसत विचारलं, "आवं, यंदा पूर येनार हाय व्हय?"

पूर नव्हता. यजमानांचं निवृत्तीचं वय होतं, आणि त्या वयात पुरुषांना काहीतरी होतं. कुणी आंब्याची कलमं करतं, कुणी होमिओपॅथीच्या गोळ्या वाटत सुटतं. आमच्याकडे बोट आली. ती ठेवली साताऱ्याच्या पलीकडे, कास ओलांडून खाली उतरलं की बामणोलीच्या बाजूला कोयनेचं बॅकवॉटर लागतं, तिथं. सातारा, कराड, सांगलीकडच्या अशाच मोकळ्या झालेल्या मंडळींनी तिथं एक बोट क्लब काढला होता. दर रविवारी भल्या पहाटे उठून मी डबा भरायची आणि आम्ही निघायचो. डबा चौघांचा भरायची. आम्ही दोघंच होतो, पण हाताला सवय होती. ते चौघं कोण, ते पुढे सांगते.

डोंगरांच्या कुशीत फोनला रेंज नाही. एका रविवारी कराडच्या डॉक्टरांच्या बोटीचं पेट्रोल संपलं आणि ते दिवसभर पाण्याच्या एका फाट्यात टॉवेल हलवत बसले. सगळ्यांनी त्यांना लांबून हात करून नमस्कार केला. तेव्हा क्लबनं ठरवलं की आता प्रत्येक बोटीवर रेडिओ हवा, जहाजावर असतो तसा. शिकवायला साताऱ्यातले एक गृहस्थ आले. आयुष्यभर मालवाहू जहाजांवर रेडिओचं काम केलेले. परवान्याचे सोपस्कार त्यांनीच निस्तरले. आम्ही त्यांना रेडिओकाका म्हणू लागलो.

काकांनी आम्हाला क्लबच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवून समजावलं. पूर्वी रेडिओवर नुसतं ओरडायचं. ऐकलं त्यानं ऐकलं. आता प्रत्येक बोटीच्या यंत्राला स्वतःचा नंबर असतो. पडद्यावर हव्या त्या बोटीचं नाव काढायचं, बटण दाबायचं. घंटी फक्त तिच्यावर वाजते. तिनं होकाराचं बटण दाबलं की दोन्ही यंत्रं आपोआप एका चॅनलवर येतात, मग बोला. हा झाला एकट्याला कॉल. दुसरा ग्रुपचा, एका दमात क्लबच्या सगळ्या बोटींना. आणि तिसरं ते झाकणाखालचं लाल बटण. झाकण उघडून ते दाबून धरलं की आसपासच्या यच्चयावत बोटींवर भोंगा वाजतो आणि त्यांच्या पडद्यावर आपला नंबर आणि अक्षांश-रेखांश उमटतात.

"ही संकटातली हाक," काका म्हणाले. "ती कुणा एकाला नसते. सगळ्यांना असते. ऐकेल त्यानं जायचं."

मग साताऱ्याच्या कंत्राटदारांनी हात वर केला. "सगळ्यास्नी म्हंजी नक्की कुनाला?"

काका हसले. त्यांना वाटलं, गंमत चाललीय. त्यांचं अर्धं आयुष्य परदेशी बंदरांत गेलेलं, त्यांना काय कल्पना!

पहिल्याच रविवारी अध्यक्षांनी ग्रुप कॉल केला. हे अध्यक्ष शिरवळच्या एका कारखान्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, त्यामुळे कागदाला टाचणी लावल्याशिवाय त्यांना काही सुचत नसे. दुपारी पलीकडच्या टेकाडावर सगळ्यांनी जेवायला यावं, असा निरोप होता. सगळ्या बोटींवर घंट्या वाजल्या. सगळ्यांनी निरोप ऐकला. आणि कुणीही गेलं नाही. अध्यक्ष आणि त्यांच्या सौभाग्यवती टेकाडावर मसालेभाताच्या पातेल्याशेजारी बसून राहिले, आणि क्लबच्या बोटी वास येईल एवढ्या अंतरावर घिरट्या घालत राहिल्या.

"आलो असतो की," कंत्राटदार नंतर म्हणाले. "पर आमाला कुठं म्हटलं? सगळ्यास्नी म्हटलं."

ज्यांना हे कळणार नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या भागात जेवणाचं आवतण दोन तऱ्हेचं. एक घरटी एक, म्हणजे घरातून एकानं यायचं. दुसरं चूलबंद; त्या दिवशी तुमची चूल पेटवायचीच नाही, लहानथोर सगळ्यांनी आमच्याकडे जेवायचं. पण दोन्ही आवतणं दारात येऊन, नाव घेऊन द्यावी लागतात. देवळाच्या फळ्यावर खडूनं लिहिलं तर ती झाली बातमी. बातमी वाचून जेवायला जाणाऱ्या माणसाला आमच्याकडे काय म्हणतात ते इथं लिहीत नाही.

मग क्लबनं नवी पद्धत बसवली. आधी ग्रुप कॉल, पाठोपाठ प्रत्येक बोटीला वेगळा कॉल. त्यानं एक रविवार सुखात गेला. दुसऱ्या रविवारी कुणाच्या तरी लक्षात आलं की कोणता कॉल किती वाजता आला हे यंत्र लिहून ठेवतं. झालं. डॉक्टरांना आधी आणि अध्यक्षांना मागाहून कॉल गेला होता हे उघड झालं, आणि अध्यक्षांनी रेडिओच बंद करून ठेवला. रेडिओकाकांनी डोक्याला हात लावला. "अहो, ते यंत्र आहे, व्याही नाही!" ते म्हणाले. "मी वादळात जहाजं हाकारली. पण घंटी उशिरा वाजली म्हणून रुसलेला माणूस मी पहिल्यांदाच बघतोय."

सगळे हसले. मीही हसले, पण माझं हसू अर्ध्यातच राहिलं. कारण असल्याच एका घंटीनं माझं घर खाल्लं होतं.

माझ्या यजमानांना एक थोरले भाऊ. आम्ही दोघंही त्यांना दादा म्हणतो. त्यांची बायको म्हणजे माझी थोरली जाऊ, तिला मी अक्का म्हणते. एकाच गल्लीत दोन घरं, मध्ये चार दारं. माझ्या मुलाचं लग्न ठरलं आणि पत्रिका छापून आली, त्या संध्याकाळी यजमानांच्या उत्साहाला उधाण आलं. त्यांनी पत्रिकेचा फोटो काढून फोनवरच्या घरच्या ग्रुपवर टाकला. पहिली पत्रिका देवापुढे ठेवायची आणि दुसरी हळदकुंकू, अक्षता घेऊन थोरल्या भावाच्या घरी स्वतः न्यायची, ही रीत त्यांना माहीत नव्हती असं नाही. सकाळी उठून जाणारच होते. पण सकाळपर्यंत पुण्याच्या भाच्यानं त्या फोटोखाली अंगठा उमटवला होता, कवठे महांकाळच्या चुलत सासऱ्यांनी फुलं टाकली होती, आणि दादांनी ते सगळं वाचलं होतं.

लग्नाला ते आले. पोराचा काय दोष, म्हणून आले. अक्षता टाकल्या, नवरानवरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि न जेवता निघून गेले. मागोमाग मान खाली घालून अक्का गेली. सख्खा थोरला भाऊ लग्नातून न जेवता गेला! आमच्याकडे माणसं मेलेल्या वर्षाचा हिशेब विसरतात, पण ही गोष्ट विसरत नाहीत.

त्यानंतर दोघा भावांचं बोलणं बंद. यजमान म्हणायचे, "सगळ्यांना सांगितलं त्यात तो आला की. वेगळं काय?" दादा म्हणे पलीकडे काहीच म्हणत नव्हते. अक्काची नि माझी भेट व्हायची ती फक्त सकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, देवदर्शनाला गेल्यावर. एक प्रदक्षिणा होईपर्यंत कुजबुजायचं आणि वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडायचं. म्हाताऱ्या वयात आम्ही दोघी चोरून भेटत होतो. माझ्या लग्नापासून तिच्या हाताखाली स्वयंपाक शिकले, बाळंतपणात तिनं माझे पाय चेपले. मला अक्का हवी होती. माझ्या ओट्याशी उभी राहून "मीठ कमी हाय गं" म्हणणारी हवी होती. डबा मी चौघांचा भरायची तो त्यामुळे.

आम्ही बोट घेतली म्हटल्यावर दादांनीही घेतली. आमच्यापेक्षा हातभर लांब. क्लबही हाच. दर रविवारी दोन्ही बोटी त्याच पाण्यात. आमचं तोंड तापोळ्याकडे असलं की त्यांचं धरणाकडे. क्लबचे कॉल दोघांना यायचे, पण या बोटीवरून त्या बोटीला घंटी कधी गेली नाही. रेडिओकाका एकदा म्हणाले, "तुम्हा दोघांची यंत्रं एकमेकांशी चालतात का, तपासून घ्या." यजमान म्हणाले, "गरज पडंल तवा बघू."

गरज उन्हाळ्यात पडली. पाणी खूप खाली गेलं होतं. धरणात बुडालेल्या जुन्या झाडांचे बुंधे काठाकाठानं वर आले होते, काळे आणि टोकदार. दुपार कलली तसा खिंडीतून वारा सुटला. आम्ही डबा न उघडताच परत फिरलो, आणि एका वळणावर इंजिन घुसमटून बंद पडलं. कुणाचं तरी टाकून दिलेलं मासेमारीचं जाळं पंख्याला गुंडाळलं होतं. यजमानांनी इंजिन वर उचलून सुरीनं कापायचा प्रयत्न केला. नायलॉन इतकं आवळलं होतं की सुरीच वाकली. नांगर टाकला तर तो तळाच्या चिखलात धरेना. वारा आम्हाला हळूहळू बुंध्यांकडे ढकलू लागला. मला पोहता येत नाही. नऊवारीचा काळ गेला तरी सहावारीवर लाइफ जॅकेट चढवून बसलेली बाई बुडताना कशी दिसेल, याचा मी विचार करत होते. भीती वाटली की मला असलंच काहीतरी सुचतं.

यजमानांनी लाल झाकण उघडलं. हा क्षण त्यांनी आंघोळीच्या वेळी किती तरी दिवस घोकला होता. बटण दाबून धरलं, यंत्र किंचाळलं, पडद्यावर अक्षरं नाचली. मग काकांनी शिकवल्याप्रमाणे सोळा नंबरच्या चॅनलवर ते घोगऱ्या आवाजात बोलले, "मेडे, मेडे, मेडे." पुढे बोटीचं नाव, जागा, अडचण, माणसं दोन. एक अक्षर चुकलं नाही. मला त्यांचा अभिमान वाटला.

उत्तरं आली. कुणी ऐकलं नाही असं म्हणायची सोय नाही.

डॉक्टर म्हणाले, "ऐकलं, ऐकलं. सगळ्यांना गेलाय ना कॉल? मग येईलच कुणीतरी."

कंत्राटदार म्हणाले, "आमच्याबी यंत्रावर भोंगा वाजला. आमाला वेगळं बोलावलंय का आपलं सगळ्यास्नीच?"

अध्यक्ष म्हणाले, "असं काही करण्याआधी मला एक कॉल द्यायला हवा होता. तशी पद्धत आहे."

"रेडिओकाका कुठं हायेत?" यजमान ओरडले.

काका साताऱ्यात एका लग्नाला गेले होते. त्यांना घरी येऊन आवतण होतं.

बुंधे आता एवढे जवळ आले की त्यांच्यावरचं वाळलेलं शेवाळ दिसत होतं. आणि तेवढ्यात डोंगराच्या सोंडेआडून एक बोट आली, भरधाव. आमच्यापेक्षा हातभर लांब. बोट जवळ आली, आणखी जवळ आली, आणि हाकेच्या अंतरावर थांबली. इंजिन चालू, बोट जागच्या जागी. दादा सुकाणूपाशी ताठ उभे. शेजारी अक्का, दोन्ही हात तोंडावर.

दोघं भाऊ दोन बोटींतून दोन वेगळ्या डोंगरांकडे बघत होते.

"आवं, हाक मारा की त्यास्नी," मी म्हणाले.

"मारलीय. सगळ्यांना मारलीय. त्यात तो आला."

"लगनातबी हेच म्हनाला व्हता तुमी!" मी ओरडले. इतकं मी त्यांच्यावर आयुष्यात ओरडले नव्हते. "त्यात ते जेवले न्हाईत. यात मी बुडनार हाय!"

मी त्यांच्या हातातला मायक्रोफोन ओढला, यंत्रावर दादांच्या बोटीचं नाव काढलं आणि बटण दाबलं. पाण्यापलीकडे त्यांच्या बोटीत घंटी वाजू लागली. ती आम्हाला इथं ऐकू येत होती, एवढं कमी अंतर. दादांनी ती थोडी वाजू दिली. पाहुण्याला दार उघडताना आपण धावत जात नाही, तसं. मग त्यांनी बटण दाबलं.

मी श्वास घेतला आणि म्हणाले, "दादा, तुमाला नि अक्काला आमच्याकडचं आग्रहाचं आवतण हाय. चूलबंद. दोघांनी यायचं, आनि जेवल्याबिगर जायचं न्हाई."

यंत्रातून नुसती खरखर आली. मग दादांचा आवाज, अगदी शांत. "आवतण पोचलं. पर घरचा मानूस कुठाय? घरच्या मानसानं बोलवायचं असतंय."

बोटीच्या तळाला खालून काहीतरी खरवडलं. सगळी बोट थरथरली. डबा घसरून माझ्या पायाशी आला. मी मायक्रोफोन यजमानांपुढे धरला. त्यांनी तो घेतला. मेडेचा अख्खा मजकूर न अडखळता म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडून आता आवाज फुटेना. त्यांनी बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं.

"दादा," ते म्हणाले. "ये की."

"आलो," दादा म्हणाले, आणि त्यांच्या इंजिनाचा आवाज डोंगरावर आदळला.

दोर आला, बांधला गेला, आम्ही बुंध्यांपासून सुटलो. मी खाली बसून रडले. लाइफ जॅकेटच्या पट्ट्यानं डोळे पुसता येत नाहीत हे त्या दिवशी कळलं. मोकळ्या पाण्यात आल्यावर दादांनी इंजिन मंद केलं. अक्का मागच्या बाजूला येऊन उभी राहिली आणि दोराच्या त्या टोकावरून मला म्हणाली, "तुला सांगते, दर रविवारी हेच. तुमच्या बोटीचं नाव पडद्यावर काढत्यात आनि बसत्यात बघत. बटण दाबत न्हाईत. आज भोंगा वाजला तवा नाव काढलेलंच व्हतं."

"गप गं," दादा म्हणाले.

एवढ्यात आमच्या यंत्रावर घंटी वाजली. एकट्याला आलेला कॉल. दोन बोटींमध्ये अंतर दोराएवढं, दादांची पाठ आम्हाला दिसतेय, आणि ते यंत्राच्या तोंडाशी वाकून बोलतायत. "डब्यात काय हाय?"

"आरं वरड की तिकडनं, ऐकू येतंय," यजमान म्हणाले.

"न्हाई. रीतसर इचारतोय."

"भाकरी, मुगाची आमटी, आनि शेंगाची पोळी."

"सूर्य चाललाय खाली. काठ गाठंस्तवर बुडंल." आमच्या घरात सूर्यास्तानंतर कुणी जेवत नाही. "हितंच जेवू."

मग दोन्ही बोटी कडेला कड लावून बांधल्या. अक्का आमच्या बोटीत उतरली, डबा उघडून तिनं आत पाहिलं आणि चौघांचं जेवण पाहून माझ्याकडे पाहिलं. आमटीत बोट बुडवून चाखलं आणि म्हणाली, "मीठ कमी हाय गं." मला पुन्हा रडू आलं.

तेवढ्यात अध्यक्ष, डॉक्टर आणि कंत्राटदार यांच्या बोटी लांबवर दिसू लागल्या. तिघेही निघाले होते, पण कुणी कुणाच्या पुढे जायला तयार नव्हतं, म्हणून एका रांगेत, सावकाश. आम्ही जेवतोय हे पाहून ते लांबच थांबले. बिनबोलावता पंगतीजवळ कसं यायचं! मी त्या प्रत्येकाला वेगळा कॉल करून सांगितलं की आता यायची गरज नाही. अध्यक्षांना पहिला केला.

दादा मांडी घालून बसले. भाकरी संपवली, आमटी संपवली, शेंगाची पोळी हातात घेऊन तिचा तुकडा मोडता मोडता पाण्याकडे बघत म्हणाले, "लगनात जिलेबी व्हती म्हनं."

"व्हती," यजमान म्हणाले.

"चांगली झालती का?"

यजमानांनी ताटातल्या भाकरीची घडी केली, उलगडली. "म्हाईत न्हाई," ते म्हणाले. "मी जेवलो न्हाई त्या दिवशी."

मी विहिणींच्या पंगतीत वाढत होते. मला हे माहीत नव्हतं, कुणालाच नव्हतं. दादांनी हातातल्या पोळीचे दोन भाग केले, मोठा भाग भावाच्या ताटात टाकला आणि म्हणाले, "खा. सूर्य बुडतोय."